घटात टाकलेलं सोयाबीन

नवरात्राच्या आदल्या दिवशी नवरा कामरेजहून एक पिशवी घेऊन आला आणि चौरंगाशेजारी धपकन ठेवली. वाशीमकडून येणारी ट्रॅव्हल्स सुरत शहरात शिरत नाही. ती कामरेजच्या चौकात पार्सल उतरवते आणि तशीच पुढे अमदावादला जाते, त्यामुळे गावाकडून काही आलं की आमच्या गोडादऱ्यातून गाडी काढून तिथपर्यंत जावं लागतं. मला वाटलं तुरीची डाळ असेल. पिशवी उघडली तर आत काळी माती.

"तुझ्या सासऱ्याचं डोकं फिरलंय," नवरा म्हणाला. "सुरतमें मिट्टी कम पडी क्या? कंडक्टर मला विचारत होता, भाऊ यात काय सोनं आहे का?"

मातीखाली जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत बांधलेल्या छोट्या पुरचुंड्या होत्या. ज्वारी, गहू, तूर, मूग, उडीद, तीळ. सातव्या पुरचुंडीत सोयाबीन निघालं. घटासाठी सात धान्यं लागतात आणि ती आपल्याच वावरातली, आपल्याच मातीत पेरायची, असा आमच्या सासरचा रिवाज. घट माझी सासू बसवायची. ती गेली, त्या वर्षी घट बसला नाही. पुढच्या वर्षी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, फोनवर सांगितलं की गड्यामाणसाच्या हातानं घट शोभत नाही, तो आता तुमच्याकडं. नवरा एकुलता एक, त्यामुळे देवी आमच्या वन रूम किचनमध्ये आली. मी जन्मले सुरतेत, शिकले महानगरपालिकेच्या मराठी शाळेत, आणि तोवर नवरात्रात माझं काम म्हणजे उपासाची खिचडी खाणं. घट कसा बसवतात हे मला लग्नातल्या मंगलाष्टकांइतकंच ठाऊक होतं, म्हणजे कानावरून गेलेलं.

म्हणून मी आईला बोलावलं. आई सुरतेतच, उधन्याला राहते. धुळ्याकडची, आयुष्य सुरतेत गेलं तरी घरात अहिराणीच बोलते. तिनं पत्रावळीवर माती पसरली, मधे कलश ठेवला आणि एकेक पुरचुंडी सोडायला लागली. सातवी सोडली आणि थांबली.

"हाई काय शे वं?"

"सोयाबीन."

"हाई घटमा टाकतस का कोठे? आपण खातस नही, ते देवीले कसं दिऊत?"

तिचं म्हणणं मला पटलं. मी मामाजींना फोन लावला आणि आईचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्यांनी तो ऐकून घेतला. मग म्हणाले, "आपन खात नाई, बरोबर हाये. पन वावरात पिकोते कोन? देवीच पिकोते नं? मंग तिले काऊन चालनार नाई?"

हेही मला पटलं. माझं असंच होतं, जो शेवटी बोलतो त्याचं मला खरं वाटतं.

सोयाबीन या वस्तूनं मला पहिल्यापासूनच गोंधळात टाकलं आहे. लग्नाआधी सोयाबीन म्हणजे माझ्या लेखी त्या स्पंजासारख्या वड्या, ज्या पाण्यात फुगतात आणि रश्श्यात चिकनचं सोंग घेतात. दुसरं म्हणजे तेलाची पिशवी. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला सासरी गेले, तर ओसरीत, अंगणात, पार गोठ्याच्या दारापर्यंत पिवळ्या गोल दाण्यांचे ढीग. मी सासूला विचारलं, याचं कालवण करता की उसळ? सासू हसून हसून खाली बसली. "याचं काई होत नाई बाई, हे इकाले असते," ती म्हणाली. वर्षाच्या गव्हात थोडं मिसळून दळून आणायचे एवढंच, आणि त्या पोळीलाही नवरा नाक मुरडायचा.

मामाजींनी तेव्हा मला ओट्यावर बसवून सगळा इतिहास सांगितला होता. त्यांच्या लहानपणी तिकडं सोयाबीन कुणी बघितलेलं नव्हतं. खरिपात ज्वारी, कपाशी, मूग, उडीद. मग कुणीतरी इंदूरकडून बी आणलं. लोकांना वाटलं वाटाण्याची जात असेल. शिजवून पाहिलं तर शिजता शिजेना, आणि शिजलं तेव्हा वास असा की भांडं दोनदा घासावं लागलं. पण ते लवकर हाती यायचं. मृगात पेरलं की दिवाळीच्या आत घरात, आणि मागून त्याच वावरात हरभरा घ्यायला जमीन मोकळी. कपाशीसारखी महिनोन् महिने वेचणी नाही, ज्वारीसारखी पाखरं हाकलायची नाहीत. बघता बघता सगळा तालुका सोयाबीनचा झाला, ज्वारी घटापुरती बांधाला राहिली, आणि भाकरीची ज्वारी लोक बाजारातून आणायला लागले.

"मग हे सगळं जातं कुठं?" मी विचारलं होतं.

"अडत्याकडं जाते. तो मुठीत घेते, दातानं फोडून पायते, वल्लं असंल त भाव पाडते. मंग फॅक्टरीत. तेल इकडं राह्यते, पेंड जाते जहाजानं. परदेशात कोंबड्या खातेत म्हनतेत."

मी थक्क झाले होते. एक माणूस पावसापाण्यात राबून जे पिकवतो ते स्वतः खात नाही, शेजारी खात नाही, आणि समुद्रापलीकडची कोंबडी खाते. मी हे नवऱ्याला बोलले तर त्यानं माझ्या मांडीवरच्या साडीकडं बोट दाखवलं. मी घरी साड्यांना स्टोन चिकटवायचं काम करते. टिकल्या, स्टोन, काठाला लेस. माझ्या हातून इतक्या साड्या गेल्या, त्यातली एकही मी कधी नेसलेली नाही. तेव्हापासून सोयाबीनला मी नावं ठेवणं सोडलं, पण कोडं काही सुटलं नाही.

तर घटाच्या त्या फोनवर मामाजींनी मूळ गोष्ट नंतर काढली. सोंगणीच्या वेळीच पाऊस आला होता. कापलेलं सोयाबीन गंजी लावायच्या आत भिजलं, ताडपत्री कामी आली नाही, दाणे काळवंडले आणि काही शेंगांमध्ये तर झाडावरच मोड फुटले. सोयाबीनचं बी मोठं नाजूक. साल पातळ, पोतं जोरात आपटलं तरी त्याची उगवण जाते, मग पावसात भिजल्यावर विचारायलाच नको. हे बी पुढच्या पेरणीला ठेवावं की नाही, त्यांना समजत नव्हतं.

"म्हून पाठोलं," ते म्हणाले. "घटात टाक. भिजू घालू नको, तसंच कोरडं टाक, भिजोलं की फुटते ते. निंघालं त बी धरतो अन् अजून एक वर्स पेरतो. नाई निंघालं त वावर भावकीत अर्ध्या बटईनं देऊन टाकतो, अन् येतो तुमच्याजोळ कायमचा."

मी नुसतं "बरं" म्हटलं.

नवरा त्यांना सासू गेल्यापासून बोलावत होता. दर फोनला तेच, बाबा इकडं या, एकटे काय करता. आणि दर वेळी तिकडून, एवढं वर्स जाऊ दे. आता ते वर्ष कुंडीएवढ्या मातीवर आणि मूठभर दाण्यांवर येऊन बसलं होतं, आणि त्या मातीवर रोज पाणी शिंपडायचं काम माझ्याकडं.

मला काय हवं होतं? खरं सांगायचं तर मला अजून माहीत नाही. म्हातारा माणूस एकटा, सकाळी पिठलं करतो आणि तेच रात्री खातो, हे आठवलं की वाटायचं, आणावंच त्यांना इकडं. आणि लगेच घराकडं बघितलं की दुसरंच काही व्हायचं. एक खोली, एक स्वयंपाकघर, जरा गॅलरी. ते झोपणार कुठं, मी साडी बदलणार कुठं, पहाटे त्यांना उठायची सवय आणि नवऱ्याची मिलमध्ये रातपाळी असली की तो सकाळी झोपणार. एका हातानं पाणी शिंपडताना मी देवीला म्हणायचे, उगवू दे. आणि नमस्काराला दोन्ही हात जोडले की म्हणायचे, तुझी मर्जी. देवीही वैतागली असेल, हिला नक्की मागायचं काय आहे?

आधी गहू आणि ज्वारी वर आली. कोपऱ्यात ऊन नाही, नुसता समईचा उजेड, त्यामुळे कोंब पांढरट पिवळे, हडकुळ्या पोरांसारखे उंच. मग कडधान्यं हलायला लागली. एका सकाळी पाहिलं तर माती जागोजाग उचलली गेली होती आणि खालून वाकलेली मान काढून काहीतरी जाडजूड वर येत होतं. डोक्यावर दोन मांसल पिवळ्या फोडी. बाकीचे कोंब त्यांच्यापुढं अगदीच किरकोळ दिसत होते.

पण ते सोयाबीन होतं का? सगळी धान्यं आईनं एकत्र कालवून टाकली होती. मूग कसा उगवतो, उडीद कसा, मला कुठं माहीत? मी आईला विचारलं. ती म्हणाली, "माले काय ठाऊक, आमनाकडे कपाशी नि बाजरी." नवरा शेतकऱ्याचा मुलगा, पण दहावी झाली तसा सुरतेला आलेला. तो वाकून बघून म्हणाला, "लागतंय तर सोयाबीनच." आणि मग, "बाबांनाच दाखव."

संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल लावला. खाली सोसायटीत गरब्याचे स्पीकर तपासणं चाललं होतं, एका कानात बोट घालून बोलावं लागत होतं. मामाजी शेजारच्या मुलाच्या फोनवर आले. मी फोन घटाजवळ नेला आणि म्हटलं, "मामाजी, निघालं बरं का! बघा, सोयाबीन निघालं."

ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं चित्र अडकलं. मी फोन आणखी जवळ नेला, एका कोंबाशी बोट धरलं.

"ते उडीद हाये, बाई," ते म्हणाले. "सोयाबीन नाई निंघालं."

"अहो, पण एवढं जाड?"

"उडीदच हाये. निंघालं नाई त नाई निंघालं. देवीच्या मनात नाई."

फोन ठेवल्यावर नवरा खूश. त्याला बाप घरी येणार एवढंच दिसत होतं. मी मात्र त्या जाड फोडींकडं बघत राहिले. एका पुरचुंडीत उडदाचे चार दाणे उरले होते, ते हातावर घेतले. एवढासा काळा दाणा. त्यातून एवढी जाड फोड कशी निघेल? पण मी म्हणणारी कोण? साडीवरच्या नकली हिऱ्यांमधला फरक मी सांगू शकते, कोंबांमधला नाही. नवरा म्हणाला, बाबांच्या डोळ्यांना आता दिसत नसेल, आणि त्यात फोनचा तो दळभद्री कॅमेरा. मला तेही पटलं.

दसऱ्याला घट उठवला. कोंब देवाला वाहिले, नवऱ्याच्या टोपीत खोचले, मी केसांत माळले. बाकीचं तापीत सोडायचं होतं. पण माती मामाजींच्या वावरातली, ते येणार आणि विचारणार, कुठाय माती? म्हणून मी थोडे कोंब मातीसकट तेलाच्या रिकाम्या डब्यात खोवले आणि गॅलरीत ठेवले.

दिवाळी झाल्यावर ते आले. एक वळकटी, एक पिशवी आणि धोतराच्या दोन जोड्या. वावर चुलतभावाला बटईनं दिलं होतं, काळवंडलेलं सोयाबीन सगळंच्या सगळं विकून टाकलं होतं, बियाला मूठभरही ठेवलं नव्हतं. मी स्वयंपाकघराला पडदा लावला. पहिले काही दिवस आम्ही तिघंही एकमेकांच्या वाटेतून सरकत राहिलो. ते पहाटे उठून आवाज होऊ नये म्हणून अंधारातच बसायचे, आणि अंधारात कुणी बसलंय म्हणून मी दचकायचे. दोघंही म्हणायचो, झोपा झोपा.

मग एक दिवस ते माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मले दाखव, कसं चिटकोतं ते." मला हसू आलं. पण त्यांनी ते शिकून घेतलं. चिमट्यात स्टोन, टोकाला गोंदाचा थेंब, नक्षीवर ठेवून बोटानं दाबायचा. खसखशीएवढे स्टोन, आणि त्यांचा एकही वाकडा बसत नव्हता. पांढऱ्या फरशीवर सांडलेला पांढरा स्टोन ते बसल्या जागेवरून दाखवायचे, तिथं पडला बघ. माझ्या डोळ्यांना तो हात फिरवल्याशिवाय सापडत नव्हता.

मी पहिल्यांदा विचारात पडले ती तेव्हा. यांना तर माझ्यापेक्षा चांगलं दिसतं.

डब्यातला जाड फोडींचा एक कोंब तेवढा तगला होता आणि त्याचं रोप तोवर वाढलं होतं. त्याला रोज पाणी मामाजीच घालायचे, पण त्याविषयी बोलायचे नाहीत. तीन तीन पानांचा झुबका, पानांवर लव. मग पानांच्या बेचक्यात टाचणीच्या डोक्याएवढी जांभळी फुलं आली. मग शेंगा. बारक्या, चपट्या, अंगभर केसाळ. सासरच्या वावरात एकदा असल्याच शेंगांना घासून माझे पाय खाजले होते, ती लव मी विसरणार नव्हते. हे उडीद नव्हतं. मी ठार अडाणी असले तरी हे उडीद नव्हतं.

मग मी मनाशी जुळवाजुळव करायला लागले. जन्मभर ज्यानं सोयाबीन पेरलं त्याला कोंब ओळखता आला नाही? की त्यांना पेरणीचा कंटाळा आला होता? तर सरळ सांगायचं, मुलगा तर वाट बघतच होता. की भावकीत काही बिनसलं? की देवीचा कौल उलटा सांगून देवीलाच फसवलं? देवभोळा माणूस असं का करेल? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "छोड ना. आले ना घरी? मग?" त्याच्या डोक्यात गोष्टी फार वेळ राहत नाहीत, सुखी माणूस आहे.

संक्रांत जवळ आली तसं रोप पिवळं पडलं, पानं गळाली आणि काडीवर नुसत्या शेंगा राहिल्या. दुपारी आम्ही दोघं एकाच साडीचे दोन काठ घेऊन समोरासमोर बसलो होतो. माझ्याच्यानं राहवेना.

"मामाजी, ते डब्यातलं सोयाबीनच आहे ना?"

त्यांनी हातातला स्टोन जागेवर ठेवला, दाबला. "हो."

"मग तेव्हा उडीद का म्हणालात?"

ते काठ सारखा करत राहिले. मला वाटलं आता विषय बदलतील.

"तू फोनवर म्हनली, निंघालं बरं का," ते म्हणाले. "तवा तुया आवाज लय खूश होता. म्या समजलो. सोयाबीन निंघालं म्हंजे मी येत नाई, याचा तुले आनंद झाला. त्यात तुयं काई चुकलं नाई. घर एवढंसं हाये, तुले वाटनारच."

मी हातातला स्टोन परत वाटीत टाकला.

"पोरगं दर खेपी बोलवे. पन घर तुयं. तू कधी म्हनली नाई अन् मले इचारता आलं नाई, म्हून घट तुयावर सोपोला. म्या ठरोलं होतं, निंघालं त तिथंच राहू." त्यांनी चिमटा खाली ठेवला. "पन मले तिथं राहवत नव्हतं, बाई. दिवसभर एक शब्द बोलनं होत नव्हतं. टीव्ही लावून ठेवो, कोनीतरी बोलून राह्यलं असं वाटाले. तुयं मन समजलं तरी आलो. देवीले खोटं पाडून आलो."

मला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. माझं डोकं त्या संध्याकाळच्या माझ्या आवाजाशी झटत होतं. मी खूश होते का? होते. पण कशानं? माझ्या हातचा पहिला घट फळला म्हणून? भिजलेलं बी तगलं, त्यांना बरं वाटेल म्हणून? की खरंच, ते येणार नाहीत म्हणून? मी कितीही मागे जाऊन ऐकलं तरी तो एकच आवाज होता आणि त्यात हे तिन्ही होतं असं वाटायचं, किंवा एकही नाही.

"मला नाही माहीत, मामाजी, मी कशानं खूश होते ते," मी म्हटलं. यापेक्षा खरं माझ्याकडं काही नव्हतं.

त्यांनी मान हलवली, जसं कुणी भाव सांगितल्यावर हलवतात, मान्य आहे की नाही ते न कळू देता. मग साडीचा काठ गुंडाळून बाजूला ठेवत, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पेरनीले अजून येळ हाये. चुलतभाऊ वावर सोडते, आपल्या शब्दाबाहेर नाई. जाऊ का मी?"

"नका जाऊ," मी म्हटलं.

ते माझ्याकडं बघत नव्हते. मान खाली घालून नुसते ऐकत होते. म्हणून मी पुन्हा म्हटलं, नका जाऊ, आणि या वेळी माझा आवाज कसा येतोय ते मला स्वतःला काही केल्या ऐकू येईना.